हाडातली गाठ : एक्स-रेपासून सिमेंटपर्यंत

उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, सांध्याच्या किंचित वर, एक बोथट दुखणे कित्येक महिने माझ्या मागे लागले होते. आकुर्डीहून चाकणला दुचाकीने जाताना पायाने ब्रेक दाबला की ते जाणवे, जिना उतरताना जाणवे आणि पुढे पुढे रात्री कूस बदलतानाही जाणवू लागले. एकतिशीतल्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाचा गुडघा दुखू लागला तर कोणीही प्रथम लिगामेंटचाच विचार करील, आणि तसाच तो केला गेला. गोळ्या, शेक, पट्टा हे सगळे यथासांग होऊनही सूज ओसरेना, तेव्हा निगडीतील अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढायला सांगितला.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे आणि ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचे एक्स-रे पाहणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे फिल्म प्रकाशपेटीवर चढताच मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, मध्यापासून एका बाजूला सरकलेला काळा भाग मलाही डॉक्टरांच्या बरोबरीनेच दिसला. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे धातू ओतताना अडकलेल्या हवेची पोकळी, दिसते तसाच तो होता. फरक इतकाच की ब्लोहोलचा काठ स्वच्छ असतो, आणि इथे गाठ कोठे संपते व चांगले हाड कोठे सुरू होते हे नीट सांगता येत नव्हते. बाहेरचे कवच अतिशय पातळ झाले होते आणि तो काळा भाग थेट सांध्याच्या पृष्ठभागाखालपर्यंत पोहोचला होता.

त्या डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितले ते मी आजही महत्त्वाचे मानतो. “ही गाठ आहे. कसली आहे ते मी नुसत्या फिल्मवरून सांगणार नाही,” ते म्हणाले. “पण पुढे जो सर्जन ऑपरेशन करणार आहे, त्यानेच बायोप्सी करायची किंवा त्याने सांगितलेल्या जागेतूनच ती करून घ्यायची. मधे कुणालाही तिथे सुई घालू देऊ नका. आणि त्या पायावर पूर्ण भार टाकू नका, हाड मोडेल.” त्यांनी हाडांच्या गाठींचेच काम करणाऱ्या शल्यविशारदांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि जाता जाता कुबड्या घ्यायला लावल्या.

हा सल्ला पाळणे वाटते तितके सोपे नव्हते. घराजवळच्या एका लहान रुग्णालयात ओळखीने फिल्म दाखवली असता, याच आठवड्यात उघडून खरवडून टाकू आणि तोच माल तपासणीला पाठवू, एकाच खर्चात दोन्ही कामे होतील, असे सुचवण्यात आले. ऐकायला हे व्यवहारी वाटते आणि घरच्यांना ते पटलेही होते. अडचण अशी की गाठ घातक निघाली, तर बायोप्सीची सुई ज्या वाटेने आत गेली ती संपूर्ण वाट पेशींनी दूषित झाली असे धरावे लागते आणि पुढे गाठ काढताना त्वचेपासून हाडापर्यंतची ती वाटही गाठीबरोबर कापून काढावी लागते. सुई भलत्या बाजूने गेलेली असेल, किंवा आडवा छेद घेतलेला असेल, तर जो पाय वाचवता आला असता तो वाचवणे अवघड होऊन बसते. आईला तेल लावून चोळून देणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता मिळाला होता, गाठ असलेल्या जागी मालिश करायचेच नसते हे तिला मी समजावले, पण त्यापेक्षा पत्नीने, “आई, हाड आतून पोकळ झालंय, चोळताना मोडलं तर?” असे विचारले त्याचा अधिक उपयोग झाला.

घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता : गाठ साधी आहे की कॅन्सरची? काकांनी फोनवर तोच विचारला, कारखान्यातल्या साहेबांनी तोच विचारला. नव्या डॉक्टरांना मीही तोच विचारला, तेव्हा त्यांनी प्रश्न टाळला नाही, पण त्याचा क्रम बदलला. हाडाच्या गाठीचा विचार करताना ते प्रथम वय पाहतात, मग कोणते हाड, मग त्या हाडातली जागा, म्हणजे टोक, टोकाजवळचा भाग की मधली नळी, आणि मग कडा. वीस ते चाळीस या वयात, वाढ पूर्ण झालेल्या हाडाच्या अगदी टोकाशी, एका बाजूला, कडेला पांढरी रेघ नसलेला काळा भाग दिसला की जायंट सेल ट्यूमरचे, म्हणजे मोठमोठ्या बहुकेंद्री पेशींनी भरलेल्या गाठीचे, नाव पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते, आणि त्यातही गुडघ्याभोवतालची हाडे ही या गाठीची सर्वांत नेहमीची जागा. पण नाव समोर येणे म्हणजे निदान नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

तपासण्यांचा क्रमही ठरलेला होता आणि त्यात एमआरआय बायोप्सीच्या आधी होता, कारण सुईने आत रक्तस्राव झाला की नंतरचे चित्र गढूळ येते. एमआरआयच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ बाईंनी पेसमेकर, क्लिपा, जुनी ऑपरेशने असे नेहमीचे प्रश्न विचारले आणि मग विचारले, “कधी ग्राइंडिंगचं काम केलंय का?” मी नोकरीच्या सुरुवातीला केले होते. त्यांनी ताबडतोब मला यंत्रापासून दूर, बाहेरच्या बाकावर बसवले आणि आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणायला लावला. लोखंडाचा न जाणवणारा कणही बुबुळात रुतून राहिलेला असू शकतो आणि त्या चुंबकाच्या ओढीने तो हलला तर डोळा जाऊ शकतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात लेथवर आणि ग्राइंडरवर काम केलेल्या माणसांनी हे स्वतःहून सांगावे. विचारणारी व्यक्ती दर वेळी इतकी दक्ष असेलच असे नाही.

छातीचे सीटी स्कॅनही झाले. हाडाच्या घातक गाठी पसरल्या तर बहुधा प्रथम फुप्फुसात जातात, एवढे मला कळत होते. पण जायंट सेल ट्यूमर ही सौम्य गटात मोडणारी गाठसुद्धा थोड्या टक्के रुग्णांत फुप्फुसात जाऊन बसते, हे ऐकून माझ्या मनातली दोन कप्प्यांची मांडणी तिथेच कोलमडली. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक पाहिले गेले. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्या की हाडांत ‘ब्राउन ट्यूमर’ नावाचे खड्डे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तेही मोठमोठ्या बहुकेंद्री पेशींनी भरलेले दिसतात आणि नुसती नमुन्याची काच पाहून दोन्हींत गल्लत होऊ शकते. तिथे उपचार गुडघ्यावर नव्हे, गळ्यावर करायचा असतो. माझे आकडे ठीक निघाले.

बायोप्सी त्याच शल्यविशारदांनी केली. टेबलावर घेतल्यावर त्यांनी जांभळ्या पेनाने मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक लांब उभी रेघ काढली, हा पुढच्या ऑपरेशनचा छेद असेल असे सांगितले, आणि त्याच रेघेवरच्या एका बिंदूतून जाड पोकळ सुई आत घातली. सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सुईचे टोक त्या काळ्या भागात शिरताना दिसत होते. जागा बधिर केलेली असल्याने दुखले नाही. कवच इतके पातळ होते की सुईला हाडाचा अडथळा असा जाणवलाच नाही, असे ते नंतर म्हणाले. निघालेला नमुना लालसर तपकिरी आणि मऊ होता. त्याचा मोठा हिस्सा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला आणि एक लहान तुकडा सलाइनमध्ये, कल्चर आणि क्षयाच्या तपासणीसाठी. आपल्याकडे हाडाचा क्षय इतका आढळतो की गाठ वाटलेली गोष्ट क्षय निघते आणि क्षय म्हणून औषधे चालू असलेली गोष्ट गाठ निघते. म्हणून दोन्ही बाटल्या नेहमी भरायच्या, अशी त्या विभागाची शिस्त होती.

अहवालाला वेळ लागतो आणि तो का लागतो हे रुग्णाला कोणी सांगत नाही. नमुन्यात हाडाचा कठीण अंश असेल तर तो आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, त्याशिवाय त्याचे पातळ काप निघत नाहीत. नंतर विशेष रंगद्रव्यांच्या तपासण्या होतात. त्या काळात मी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बराच बसलो आणि हाडांच्या गाठींविषयी माझे जे काही शिक्षण झाले ते मुख्यतः तिथेच झाले.

तिथे साताऱ्याकडच्या एक बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन येत. मुलाचीही गाठ गुडघ्याजवळच होती, माझ्यासारखीच मांडीच्या हाडाच्या खालच्या भागात, पण ती ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचाच कर्करोग, होती. खेळताना मार लागला म्हणून ते महिनाभर थांबले होते. मार लागल्याने गाठ होत नाही, मार लागल्यामुळे तिकडे लक्ष जाते, हे डॉक्टरांनी सांगूनही त्या स्वतःला दोष देत राहिल्या. “दादा, तुमचं पण तेच का?” त्यांनी विचारले. अहवाल यायचा होता, एवढेच मी सांगू शकलो. ऑस्टिओसार्कोमा दहा ते वीस या वाढीच्या वयात सर्वांत जास्त आढळतो आणि गुडघ्याभोवतीच, जिथे हाड सर्वांत वेगाने वाढत असते तिथे आढळतो. १९७० च्या दशकापूर्वी पाय कापणे एवढाच उपाय होता आणि तो करूनही पाचातला एखादाच रुग्ण वाचत असे, कारण दिसत नसलेल्या पेशी आधीच फुप्फुसात पोहोचलेल्या असत. केमोथेरपी आली आणि हे चित्र बदलले. आता गाठ पसरलेली नसेल तर साधारण दोनतृतीयांश रुग्ण बरे होतात आणि बहुतेकांचा पायही राहतो. या मुलाची आधी केमो, मग गाठीचे हाड काढून त्या जागी धातूचा सांधा, मग पुन्हा केमो, असा आराखडा होता. काढलेल्या हाडातल्या किती टक्के पेशी औषधाने मेल्या आहेत ते तपासतात आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मेल्या असतील तर ती चांगली खूण मानतात; त्या बाईंना हा नव्वदचा आकडा तोंडपाठ होता.

आणखी एका मुलीची यूइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या एका कर्करोगाची उपचारयात्रा चालू होती. १९२१ मध्ये अमेरिकेच्या जेम्स यूइंग यांनी वर्णन केलेली ही गाठ ताप, सूज आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी घेऊन येते आणि हाडातला जंतुसंसर्ग म्हणून सहज फसवते. एका आजींच्या खुब्यात गाठ होती, पण ती हाडाची नव्हतीच. स्तनाच्या कर्करोगाची ती शाखा होती, आणि उतारवयात हाडात घातक गाठ दिसली की ती बहुधा दुसऱ्या अवयवातून आलेली असते किंवा मायलोमा, म्हणजे हाडातल्या मज्जेचा कर्करोग, असते, हे मला त्यांच्या मुलाकडून कळले. याच बाकावर एक महाविद्यालयीन मुलगा गुडघ्याखाली आलेला टणक उंचवटा दाखवायला आला होता. ती ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेची टोपी असलेली हाडाची वाढ, सौम्य गाठींतली सर्वांत नेहमीची. दुखत नसेल आणि मोठेपणी पुन्हा वाढू लागली नाही, तर तिला हातही लावायचा नाही असे सांगून त्याला काही मिनिटांत परत पाठवले गेले. साधी गाठ म्हणतात ती अशी असते, असे मला तेव्हा वाटून गेले.

माझा अहवाल जायंट सेल ट्यूमरचाच आला. तरी डॉक्टरांनी नमुन्याच्या काचा आणि मेणात बसवलेला ब्लॉक मुंबईत दुसऱ्या मतासाठी दाखवायला सुचवले आणि मला ते आवडले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून चालू आहे आणि हाडांच्या गाठींच्या जितक्या काचा तिथे पाहिल्या जातात तितक्या पुण्यातल्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या वाट्याला येत नाहीत. माझा प्रवास शक्य नव्हता, म्हणून पत्नी चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसने गेली. बोटाच्या पेराएवढा मेणाचा ब्लॉक, त्यात मधोमध तपकिरी ठिपका, आणि दोन काचा, एवढेच सामान होते. मे महिन्याच्या उन्हात मेण मऊ होईल या धास्तीने तिने ती डबी दादरपर्यंत पर्समध्ये ओल्या रुमालाशेजारी ठेवली होती. तिथूनही तेच निदान आले. एच-थ्री या प्रथिनातील ठरावीक बदल दाखवणारी तपासणी होकारार्थी होती. २०१३ मध्ये उजेडात आलेला हा जनुकीय बदल बहुसंख्य जायंट सेल ट्यूमरमध्ये सापडतो आणि ब्राउन ट्यूमरमध्ये सापडत नाही, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

कॅन्सर नाही ही बातमी पसरली आणि फोन येणे एकदम थांबले. आईने देवापुढे साखर ठेवली, ते योग्यच होते. पण कारखान्यात रजेचा अर्ज पाहून, साधीच गाठ आहे तर इतके महिने कशाला, असा प्रश्न आला. मी वेगळी घेतलेली गंभीर आजारांची विमा पॉलिसी तर कामालाच आली नाही, कारण तिच्या व्याख्येत घातक गाठच बसत होती. ज्या गाठीने मांडीच्या हाडाचे बाहेरचे निम्मे टोक खाल्ले होते, जी खरवडल्यावरही परत येऊ शकते, आणि जिच्यामुळे सांधाच काढावा लागण्याची शक्यता शेवटपर्यंत खुली होती, तिला कागदावर आजार म्हणून फारसे स्थान नव्हते. सौम्य आणि घातक ही विभागणी डॉक्टरांना पेशींचे वर्तन सांगण्यासाठी उपयोगी पडते. इतरांनी तिच्यावरून त्रासाचे मोजमाप करावे हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

शस्त्रक्रियेआधी डेनोसुमॅब या इंजेक्शनचा विचार झाला. हाड खाणाऱ्या पेशींना मिळणारा निरोपच ते तोडते. मुळात ते हाडे ठिसूळ झालेल्यांसाठी आलेले औषध, आणि २०१३ मध्ये अमेरिकेत या गाठीसाठीही त्याला मान्यता मिळाली. ज्यांची गाठ काढताच येत नाही, किंवा काढल्यास अवयव जाईल, त्यांच्यासाठी ते मोठे वरदान आहे. माझ्या बाबतीत मात्र त्याने गाठीभोवती नवे हाड तयार होईल, त्या हाडात पेशी लपून राहतील आणि खरवडताना सुटतील, अशी शल्यविशारदांना काळजी होती. अशा रुग्णांत गाठ पुढे जास्त प्रमाणात परत आल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. त्यांनी ते न देण्याचे ठरवले.

शस्त्रक्रिया पाठीतून भूल देऊन झाली, त्यामुळे मी जागा होतो. जांभळ्या रेघेवरून छेद गेला, हाडाला गाठीइतकीच मोठी खिडकी पाडण्यात आली. लहान भोकातून खरवडले तर कोपरे दिसत नाहीत, आणि न दिसणारा कोपरा म्हणजे परत आलेली गाठ, हे त्यांनी आदल्या दिवशी कागदावर काढून दाखवले होते. चमच्यासारख्या हत्याराने गाठ काढून झाल्यावर वेगाने फिरणाऱ्या बरने, म्हणजे घासणाऱ्या दातेरी टोकाने, आतल्या भिंती सर्व बाजूंनी घासल्या गेल्या. तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता. पडद्यापलीकडे माझे स्वतःचे हाड आहे ही जाणीव सोडली तर त्यात नवीन काही नव्हते. मग उरलेल्या पेशी मारणारे फिनॉल हे रसायन, मग पाण्याचे भरपूर धुणे. नुसते खरवडून सोडलेल्या रुग्णांत पूर्वी तिसरा हिस्सा ते निम्म्यांपर्यंत गाठी परत येत. बर, रसायन आणि सिमेंट यांनी ते प्रमाण बरेच खाली आले आहे.

पोकळी भरण्यासाठी सिमेंट कालवायला घेतल्याबरोबर मला वास आला आणि मी भूलतज्ज्ञ बाईंना विचारले, “हे ॲक्रिलिक आहे का?” त्या हसल्या. ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच असते, म्हणजे आमच्याकडे यंत्रांच्या पारदर्शक झाकणांना वापरतात ते. पूड आणि द्रव मिसळले की काही मिनिटांत ते घट्ट होते आणि होताना चांगलेच तापते; ती उष्णता भिंतीत राहिलेल्या पेशी मारते असे मानतात. तीच उष्णता सांध्याच्या कूर्चेला मात्र बाधू शकते, म्हणून कूर्चेखाली आधी माझ्याच कंबरेच्या हाडाचा चुरा दाबून बसवला, त्यावर सिमेंट भरले आणि बाहेरून पट्टी व स्क्रू लावले. कंबरेची ती लहानशी जखम नंतर गुडघ्यापेक्षा जास्त दुखली, हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

सिमेंटचा फायदा असा की ते लगेच भार घेते. वॉकर धरून मी लवकरच उभा राहिलो; गुडघा वाकवण्याचे काम मात्र फार सावकाश चालले आणि त्यात फिजिओथेरपिस्ट ताईंचा संयम माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. पूर्ण मांडी घालणे अजून जमत नाही. पंगतीत मला खुर्ची मिळते. जिना चढता येतो, उतरताना कठडा धरतो. दुचाकी सुटली आहे आणि चाकणला मी कंपनीच्या बसने जातो.

गाठ परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत अधिक असतो, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी गुडघ्याचा आणि ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे असतो. सिमेंट फिल्मवर पांढरेशुभ्र दिसते, म्हणून त्याच्या कडेला पुन्हा काही पोखरू लागले तर ते चटकन लक्षात येते. सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये उष्णतेने झालेली एक बारीक काळी रेघ असते आणि तिच्या बाहेर नवे हाड पांढरी कडा धरते; ती पांढरी कडा अखंड असेल तर ठीक, ती तुटली किंवा काळी रेघ एका जागी रुंदावली तर एमआरआय. मागच्या खेपेस डॉक्टरांनी आधीची आणि आताची फिल्म शेजारी शेजारी लावली, पट्टीने रेघ मोजली आणि मग मला मोजायला दिली. आमचे माप सारखे आले. पुढची फिल्म दिवाळीच्या आधी आहे. मधल्या काळात रात्रीचे दुखणे पुन्हा सुरू झाले, तर तारखेची वाट न पाहता यायचे, असे त्यांनी केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवले आहे.